रंग वाळेपर्यंत

माझे वडील पाट्या रंगवायचे.
केम्निट्झमध्ये, मोज्यांच्या गिरण्यांच्या मागच्या अंगाला,
जिथं नदी सोमवारी निळी असायची
आणि शुक्रवारी विटकरी.

तेवीस साली बेकरीवाला नोयबर्ट म्हणाला,
पावाचा भाव रंगानं नको, खडूनं लिही, आल्विन.
रंग वाळायला चार तास लागतात,
तेवढ्यात पाव दुप्पट होतो.
वडील हसले.
शून्य काढायला त्यांचा हात तेव्हाच बसला.
एका दमात नऊ शून्यं, एकासारखं एक,
अंड्यांसारखी,
जी आमच्या घरात नव्हती.

आईच्या पासबुकात तिची अठरा वर्षांची शिवणकामाची कमाई होती.
बँकेचं पत्र आलं, खातं बंद करत आहोत.
पाकिटावरचं तिकीट शिलकेपेक्षा महाग होतं.
आईनं तिकीट वाफेवर सोडवून घेतलं
आणि डब्यात ठेवलं.

मग चार-पाच वर्षं बरी गेली.
बऱ्या वर्षांचं फारसं आठवत नाही.
एवढंच, की सालो राबिनरच्या दुकानाच्या काचेवर
वडिलांनी सोन्याचा वर्ख लावून अक्षरं काढली,
रेशमी व सुती मोजे.
पहिल्या अक्षराची शेपटी इतकी लांब वळवली
की राबिनरबाई तिला मांजर म्हणायला लागल्या.
रोज सकाळी फडक्यानं मांजर पुसायच्या.

मग एकेक भोंगा गप्प झाला.
भोंगा नसला की उठायचं कधी ते कळत नाही,
आणि झोपायचं कधी तेही.
पुलावर पुरुष उभे असायचे, दिवसभर,
हात खिशात खोल घालून,
जणू तेवढेच कुणी चोरून नेईल.
वडिलांनी त्या हिवाळ्यात एकच पाटी केली,
सूपवाल्या खोलीबाहेर, फुकट:
रांग इथून.
तीही नंतर पुढच्या चौकात हलवावी लागली.

माझा भाऊ एर्विन एकोणीस वर्षांचा होता.
त्याच्या तळहाताला एकही घट्टा नव्हता
आणि त्याला त्याची लाज वाटायची, जेवतानाही.
त्याला कुणीतरी बूट दिले,
सूप दिलं, गाणं दिलं,
आणि राग न्यायला एक पत्ता दिला.

एका संध्याकाळी त्याच्याबरोबर दोघे आले,
सहा मीटर लाल कापड घेऊन.
काय लिहायचंय ते चिठ्ठीवर होतं.
वडिलांनी चिठ्ठी वाचली,
मग पुन्हा वाचली,
आणि विचारलं, अक्षरं गोल हवीत की टोकदार?
दोन वर्षांत त्यांना कुणी काम दिलं नव्हतं.
निम्मे पैसे रोख, निम्म्याची डुकराची चरबी.
त्या रात्री आम्ही पावाला चरबी लावून खाल्ली.
खोटं कशाला बोलू,
फार गोड लागली.

तेहेतीस साली रस्त्यांची नावं बदलायची निघाली.
कामच काम.
एकच नाव वडिलांनी इतक्या चौकांत लिहिलं
की पट्टी न लावताही ते सरळ यायचं.

राबिनरच्या काचेवर लिहायला मात्र वडिलांना बोलावलं नाही.
ते एर्विननं केलं,
बादली आणि भिंतीला चुना द्यायचा कुंचला घेऊन.
अक्षरं वाकडी आली, ओघळ खाली उंबऱ्यापर्यंत.
आत राबिनरबाई उभ्या होत्या, हातात फडकं.
वडील समोरच्या फुटपाथवरून बघत होते.
मी त्यांचा हात धरला होता.
ते म्हणाले,
कुंचल्याला एवढा रंग घेऊ नये.
एवढंच म्हणाले.
मी तेव्हा अकराची. आज एक्क्याऐंशीची आहे.
त्यांनी आणखी काही म्हटलं असेल
आणि मी विसरले असेन
असं स्वतःला सांगून पाहिलं.
नाही म्हणाले.

त्या महिन्यात मला नवे बूट मिळाले, तपकिरी, नाडीचे.
शाळेची वाट राबिनरच्या दुकानावरून जायची.
पांढऱ्या रंगाखालून
मांजराच्या शेपटीचं सोनेरी टोक
तेवढं बाहेर राहिलं होतं.
बूट करकरायचे.
मी बूट ऐकत जायची.